प्रोटीन एस आणि चुकीच्या दिवशी काढलेलं रक्त

मंडळी, ‘प्रोटीन एस जन्मतः कमी असेल तर शिरेत गुठळी का होते’ असा विषय तुम्ही दिलात. तो सांगणारच आहे. प्रोटीन एस म्हणजे रक्त गरजेपेक्षा जास्त गोठू नये म्हणून ब्रेक लावणारं रक्तातलं प्रथिन. पण आधी त्याच्या तपासणीबद्दल बोलू द्या, कारण मुंबईत या आजाराचं लेबल फार सहज लागतं आणि निघता निघत नाही.

पोटरी सुजते, डॉपलरमध्ये (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) डीव्हीटी, म्हणजे खोल शिरेतली गुठळी, दिसते आणि त्याच संध्याकाळी ‘थ्रोम्बोफिलिया प्रोफाइल’साठी (गुठळी होण्याच्या प्रवृत्तीच्या तपासण्या) रक्त जातं. रिपोर्ट येतो: प्रोटीन एस कमी. अहो, ते कमी येणारच! ताज्या गुठळीत ही प्रथिनं खर्ची पडतात. वॉरफेरिन किंवा असिनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर एस आणि त्याचा जोडीदार प्रोटीन सी दोन्ही खाली जातात, कारण ती तयार व्हायला व्हिटॅमिन के लागतं आणि या गोळ्या नेमकं तेच अडवतात. गरोदरपणात एस आपोआप उतरतं, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही उतरतं. तरी फाइलवर ‘आनुवंशिक’ लिहिलं जातं. मग धाकट्या बहिणीचं स्थळ बघतानाही तो कागद मध्ये येतो. याचं मला फार वाईट वाटतं.

आता नळीकडे या. निळं झाकण, आत रक्त गोठू न देणारं ३.२ टक्के सायट्रेट ०.३ मिली, त्यात रक्त २.७ मिली, म्हणजे बरोबर रेषेपर्यंत. शीर सापडली नाही म्हणून अर्धीच भरली तर सायट्रेटचं प्रमाण चढतं आणि निकालावर भरवसा राहत नाही. चार तासांच्या आत प्लाझ्मा (पेशी वगळून उरलेला रक्ताचा द्रव) वेगळा करायचा, दोनदा सेंट्रिफ्यूज करायचा, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवायचा, लगेच तपासणार नसाल तर गोठवायचा. विरारला सकाळी काढलेली नळी मे महिन्याच्या उकाड्यात बाइकवरून फिरत दुपारी परळला पोचली, तर मशीन कितीही महागाचं असो, काय उपयोग?

रक्त पातळ करणाऱ्या रिव्हारोक्साबानसारख्या नव्या गोळ्यांनी उलटी फसगत होते. गोठण्याच्या वेळेवर आधारलेल्या चाचणीत एस खोटं वाढलेलं दिसतं आणि खरा रुग्ण निसटतो. म्हणून आधी ‘फ्री प्रोटीन एस अँटिजेन’ (मोकळ्या एसचं प्रमाण मोजणारी चाचणी) मागा. गुठळीचे पहिले तीन महिने जाऊ द्या. वॉरफेरिन थांबवणं सुरक्षित असेल तर थांबवून चार आठवड्यांनी, आणि बाळंतपणानंतर निदान सहा आठवड्यांनी रक्त द्या. कमी आलं तर पुन्हा एकदा तपासा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा मूळ विषय भराभर. ‘एस’ हे सिॲटल शहराचं आद्याक्षर, प्रथिन तिथे सापडलं म्हणून. गुठळी बनवणारं थ्रॉम्बिन रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या थ्रॉम्बोमॉड्युलिनला चिकटलं की उलटं काम करतं, प्रोटीन सी जागं करतं. ते सी, एसच्या मदतीने, जागे झालेले फॅक्टर पाच आणि आठ, म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिनं, कापून टाकतं. रक्तातलं साठ टक्के एस दुसऱ्या प्रथिनाला बांधलेलं असतं, या कामी येतं ते उरलेलं मोकळं चाळीस टक्के. तेच अपुरं पडलं की ब्रेक लागत नाही. शिरांमध्ये प्रवाह संथ, म्हणून गुठळी तिथे. त्यात प्लास्टर, ऑपरेशन, लांबचा प्रवास किंवा गरोदरपण आलं की धोका वाढतो.

जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर. आई किंवा बाबांकडे एक सदोष प्रत असेल तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, निम्मी शक्यता. दोन्ही प्रती सदोष असल्या तर नवजात बाळाच्या त्वचेवर काळेनिळे चट्टे पसरतात. ती आणीबाणी असते.

शेवटचं, डॉक्टर मित्रांसाठी. वॉरफेरिन एकटं सुरू करू नका. प्रोटीन सीचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) सहा-आठ तास, थ्रॉम्बिन ज्यातून बनतं त्या फॅक्टर दोनचं साठ तासांहून जास्त. म्हणजे ब्रेक आधी जातो, इंजिन नंतर मंदावतं, आणि त्या मधल्या दिवसांत स्तन, मांडी, पोटाची त्वचा मरू शकते. हेपरिन (लगेच काम करणारं गुठळीविरोधी इंजेक्शन) निदान पाच दिवस सोबत द्या, आयएनआर (वॉरफेरिनचा परिणाम मोजणारा आकडा) चोवीस तास दोनच्या वर टिकला की मगच काढा. गरोदर बाईला वॉरफेरिन नको, ते वारेतून बाळापर्यंत जातं. तिला लो मॉलिक्युलर वेट हेपरिनची इंजेक्शनं द्या. ती वार ओलांडत नाहीत.