घरच्या चिक्कीचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो. घरी केलेल्या चिक्कीबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. काहीजण म्हणतात, यात दाणे आहेत, बदाम आहेत, म्हणजे पौष्टिकच. डब्यातून हवी तेवढी काढून खा. काहीजण म्हणतात, शेवटी साखरच ती, हातही लावू नका. ही दोन्ही मतं ठामपणे मांडणाऱ्यांनी बहुधा वजनकाटा काढलेला नसतो. आज आपण तो काढू. जवळ कागद-पेन असेल तर घ्या, कारण आकडे कानाला लवकर चकवतात.

साधं प्रमाण धरू. भाजून सोललेले शेंगदाणे २०० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम आणि दोन लहान चमचे, म्हणजे १० ग्रॅम, तूप. पाकासाठी घातलेलं पाणी हिशेबात धरायचं नाही. कडक पाक साधारण दीडशे अंश सेल्सिअसला तयार होतो आणि तोवर पाणी जवळजवळ सगळं उडून गेलेलं असतं. उरतं ते जेमतेम एक टक्का. चिक्की कटकन मोडते ती त्यामुळेच. म्हणजे तयार चिक्की भरणार ४१० ग्रॅम. कढईला चिकटून राहील ते आणि वड्या पाडताना तोंडात जाईल ते सोडून द्या.

आता ऊर्जा. भाजलेल्या शेंगदाण्यांत १०० ग्रॅमला सुमारे ५८५ कॅलरी असतात, साखरेत ३८७ आणि तुपात ९०० च्या घरात. सगळं मिळून झालं दोन हजारांच्या थोडं वर. २५ ग्रॅमची एक वडी घेतली तर तिच्यात साधारण १२४ कॅलरी, ३ ग्रॅम प्रथिनं, साडेसहा ग्रॅम स्निग्ध पदार्थ, एक ग्रॅम तंतू आणि १२ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की, वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा मिळावी आणि पाच टक्क्यांच्या आत राहिलं तर अधिक चांगलं. २००० कॅलरींच्या आहाराला हे पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम साखर. दोन वड्यांत २४ ग्रॅम झाली. चहा अजून प्यायचाच आहे.

खरी गंमत पुढे आहे. आता प्रमाण बदलू. दाणे ३००, साखर १५०, तूप तेवढंच. त्याच २५ ग्रॅमच्या वडीत आता साखर ८ ग्रॅम, प्रथिनं ४ ग्रॅम आणि कॅलरी किती? १३२. म्हणजे साखर एक तृतीयांश कमी झाली, प्रथिनं एक तृतीयांश वाढली, तरी कॅलरी कमी न होता आठाने वाढल्या! जो माणूस फक्त कॅलरीचा आकडा बघून निवड करेल, तो जास्त साखरेची वडी ‘हलकी’ म्हणून उचलेल. एक ग्रॅम साखर ४ कॅलरी देते, एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९ देतो, आणि दाण्यांचं निम्मं वजन तेलाचंच असतं. म्हणून चिक्कीच्या बाबतीत मला कॅलरीचा आकडा एकटा सांगणं फसवं वाटतं. विचारायचं ते हे, की दाण्याला साखर किती? निम्मी असेल तर उत्तम. त्याहून खाली जायला पाक राजी नसतो. वड्या पडत नाहीत, भुगा होतो. तोही खायला वाईट नसतो म्हणा.

शिवाय दाण्यांच्या कॅलरींचा आकडा स्वतःच थोडा फुगलेला असतो. बदाम, अक्रोड, शेंगदाणे यांच्यातलं तेल वनस्पतीच्या पेशींमध्ये बंद असतं. आपण कितीही चावलं तरी सगळ्या पेशी फुटत नाहीत, आणि न फुटलेल्या पेशींतलं तेल न पचताच शरीराबाहेर जातं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१२ साली माणसांना बदाम खायला घालून हे मोजलं. २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे १७० च्या आसपास कॅलरी मिळायला हव्यात. प्रत्यक्षात मिळाल्या १२९. पण बदामाचं लोणी केलं, इतकं बारीक वाटलं, की ही सूट संपते. म्हणून अख्ख्या किंवा अर्ध्या दाण्यांची वडी आणि कुटाची वडी कागदावर सारखी दिसली तरी पोटात सारखी नसते. मघाचे १२४ ही वरची मर्यादा समजा.

कोणता मेवा घ्यावा? शेंगदाणे ही खरी शेंग, मूग-मटाराच्या कुळातली, आणि प्रथिनांत ती बदामालाही मागे टाकते: १०० ग्रॅमला सुमारे २४ ग्रॅम, बदामात २१, काजूत १८, अक्रोडात १५. बदामाचं बळ तंतू, कॅल्शियम आणि ई जीवनसत्त्वात आहे. तंतू १०० ग्रॅमला १२ ग्रॅम, काजूच्या जवळजवळ चौपट. अक्रोडात ओमेगा-३ या प्रकारचं तेल भरपूर, पण तेच तेल लवकर खवट होतं, तेव्हा अक्रोडाची चिक्की थोडी करावी, हवाबंद ठेवावी आणि लवकर संपवावी. ती संपवणं सहसा अवघड जात नाही.

गूळ किंवा मध घातला की चिक्की आपोआप औषधी होते, असं मानू नका. गुळात खनिजं असतात हे खरं, पण वडीतल्या दहा ग्रॅम गुळातून मिळणारं लोह फार तर मिलीग्रॅमभर. मधही जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात साखरेतच मोजला जातो. चव आवडते म्हणून गूळ वापरा, जरूर वापरा.

भाजण्याने काय जातं? बी-१ आणि फोलेट ही बी गटातली जीवनसत्त्वं उष्णतेला नाजूक, ती काही प्रमाणात घटतात. मॅग्नेशियम, लोह, जस्त यांना आच काही करत नाही. प्रथिनंही वाया जात नाहीत, फक्त खूप काळपट भाजलं तर त्यातल्या लायसिन या आवश्यक घटकाचं नुकसान होतं, आणि शेंगदाण्यात ते मुळातच कमी असतं. खमंग भाजा, करपवू नका. बुरशी आलेले, काळे पडलेले दाणे मात्र भाजून वापरायचा विचारही नको. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं आणि ते भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही. निवडून फेकून द्या.

चिक्की खुसखुशीत व्हावी म्हणून काहीजण पाकात खायचा सोडा घालतात. एक ग्रॅम सोड्यात सुमारे २७० मिलीग्रॅम सोडियम असतं. चिमूटभर चालेल, रक्तदाब असलेल्यांनी चमच्याने घालू नये. दातांच्या खाचांत अडकून बसलेली साखर जंतूंना बराच वेळ पुरते, म्हणून दिवसभर तुकडे चघळण्यापेक्षा एक वडी जेवणाला जोडून खाल्लेली बरी, आणि नंतर चूळ भरावी.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र पोषणाआधी दुसरी गोष्ट बघायची. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात अख्ख्या दाण्यांची कडक चिक्की देऊ नका. दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीच नको. आणि घरी पाहुणी मुलं आली असतील तर डबा पुढे करण्याआधी त्यांच्या आईवडिलांना विचारून घ्या, कारण शेंगदाण्यांची किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी असणाऱ्याला एक छोटा तुकडाही जिवावर बेतू शकतो. नमस्कार.