डाव्या बाजूला कोण?

(दृश्य: शहापुरातली गल्ली. उतरतं ऊन. चिखलाने माखलेले हात.)

२८ ऑक्टोबर २०२४, सोमवार. आज वसुबारस. बेळगावातल्या शहापूरच्या या गल्लीत मातीचा राजहंसगड उभा राहतोय. खाली विटांचे तुकडे, त्यावर भिजवलेली पोती, वरून लाल माती. बेळगावात दिवाळीचा किल्ला एकट्या लहान पोरांवर सोडत नाहीत. कॉलेजातली मुलं असतात, कामावरून थेट आलेले बापे असतात, आणि कट्ट्यावर बसून 'बुरूज वाकडा झालाय' म्हणून सांगणारे आजोबाही असतात.

संध्याकाळी पाचच्या सुमारास एकाचा मोबाईल वाजतो. तो कोपराने कसाबसा बाहेर काढतो, वाचतो आणि ओरडतो, "अरे, टेन हागला काढलं की!"

माती कालवणारे सगळे हात थांबतात.

(दृश्य: भिंतीवर टांगलेला लाल जर्सी घातलेला शाळकरी फोटो.)

इंग्लंडमधल्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबने आपले मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, एरिक टेन हाग यांना हटवलं होतं. आदल्याच दिवशी वेस्ट हॅमविरुद्ध भरपाई वेळेत पेनल्टी विरोधात गेली, त्यांच्या जॅरोड बोवेनने ती गोलात मारली आणि सामना २-१ असा हातचा गेला. ९ सामन्यांत ११ गुण, टेबलात चौदावा नंबर. जुलैमध्ये याच क्लबने टेन हाग यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला होता. चार महिनेही झाले नव्हते. मे महिन्यात त्यांनी मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला होता, तोही आता कुणाच्या उपयोगाचा नव्हता.

मग सुरू झाला तो प्रश्न. आता कोण?

या गल्लीत युनायटेडचं वेड केबल टीव्हीबरोबर आलं. तेव्हा डगआऊटमध्ये अॅलेक्स फर्ग्युसन असायचे, तोंडात च्युइंग गम आणि हातात घड्याळ. आज चाळिशीत असलेल्यांना मॅनेजर बदलतो हेच मुळी माहीत नव्हतं. २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले आणि तिथून हा वाद दर दोन-तीन वर्षांनी गल्लीत येतो. मॉइस, व्हान गाल, मोरिन्यो, सोल्शायर, रांगनिक, टेन हाग. प्रत्येक नावाच्या वेळी इथं कोणीतरी 'हाच' म्हणून शपथेवर सांगितलंय.

पहिल्या संध्याकाळी नावांचा नुसता पाऊस. एकाला झिदान हवा, कारण झिदान दारातून आत आला की ड्रेसिंग रूम आपोआप गप्प होईल. एकाला बार्सिलोनाचा माजी प्रशिक्षक शावी. इंग्लंडचे माजी प्रशिक्षक साऊथगेट यांचं नाव निघालं तेव्हा तटबंदीच्या बाजूने एवढा आरडाओरडा झाला की आतून एक मावशी बघायला आल्या. तेव्हा ब्रेंटफर्ड क्लबचा मॅनेजर असलेल्या थॉमस फ्रँकसाठी एकच मत पडलं, आणि ते देणारा मुलगा दोन दिवस आपल्या मताला चिकटून राहिला. मला त्याचं कौतुक वाटलं.

कट्ट्यावरच्या आजोबांना मात्र नावात रस नव्हता. त्यांचं एकच पालुपद: वेळ द्या. ते बोटांवर हिशेब मांडायचे. फर्ग्युसन आले १९८६ च्या नोव्हेंबरात. पहिला कप मिळाला १९९० मध्ये, तोही ज्या हंगामात लीगमध्ये तेरावे आले त्या हंगामात. लीग जिंकायला १९९३ उजाडलं. "आणि मॉइसला सहा वर्षांचा करार देऊन दहा महिन्यांत घरी पाठवलं. अशानं काय व्हायचं?" पोरांकडे यावर उत्तर नव्हतं. फक्त एकजण हळूच म्हणाला, "आजोबा, तेव्हा मोबाईल न्हवता."

(दृश्य: चोर्ला घाट. धुक्यात उतरणारी गाडी.)

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बेळगावचा फुटबॉल इंग्लंडपुरता नाही. चोर्ला उतरलं की गोवा लागतो, आणि या गल्लीतले दोघे-तिघे एफसी गोवा या क्लबचे सामने बघायला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जाऊन आलेले आहेत. त्यातल्या एकाचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. त्याने धनत्रयोदशीच्या संध्याकाळी वादाला वेगळंच वळण दिलं.

२०२० ची गोष्ट. एफसी गोवा आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) टेबलात वरच्या जागेवर होता आणि अशा वेळी क्लबने प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना काढून टाकलं. लीगचे थोडेच सामने उरले होते. संघ कुणाच्या हातात दिला? क्लिफर्ड मिरांडा यांच्या. गोव्याचाच माणूस, भारतासाठी खेळलेला, ड्रेसिंग रूममध्ये आधीपासून असलेला. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला ५-० ने हरवून गोव्याने टेबलात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड घेतली. आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोचणारा पहिला भारतीय क्लब तोच. "म्हणून सांगालोय," तो म्हणाला, "घरातला माणूस बघा. बाहेर कशाला जायला पाहिजे?"

घरातला माणूस म्हणजे रुड व्हान निस्टलरॉय. युनायटेडसाठी १५० गोल केलेला स्ट्रायकर त्या उन्हाळ्यातच सहायक म्हणून परत आला होता आणि आता हंगामी मॅनेजर होता. गल्ली हळूहळू त्याच्या बाजूला झुकू लागली. पुढच्याच सामन्यात, लीग कपमध्ये, लेस्टरविरुद्ध युनायटेडने पाच गोल केले. ५-२. आपल्याकडे तेव्हा नरक चतुर्दशीची पहाट व्हायला आली होती. सामना संपवून झोपायला वेळच नव्हता. आईने उटणं कालवून ठेवलं होतं, बंबाखाली जाळ लागला होता. अंघोळ करून फराळाला बसलेली पोरं तारवटलेल्या डोळ्यांनी एकमेकांना सांगत होती की आता रुडच.

(दृश्य: टिळकवाडी, लेले मैदान. रिकामा गोलपोस्ट.)

या सगळ्यात एक माणूस गप्प होता. सर. ते टिळकवाडीत लेले मैदानावर चौदा वर्षांखालच्या मुलांना शिकवतात. नोकरी वेगळी; मैदान सकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. मुलं किती येतील याचा भरवसा नाही. कधी अठरा, कधी नऊ. परीक्षा आली की सात. कोण आलंय ते बघून ते डाव मांडतात. चांगले बचावपटू तीन आले तर तीन, दोनच आले तर दोन.

सरांना आम्ही विचारलं, तुमचं मत कुणाला?

त्यांनी मत दिलंच नाही. म्हणाले, "ते पोर्तुगालचे अमोरिम येणार म्हणालेत. माणूस हुशार आहे. तिकडच्या स्पोर्टिंग क्लबला १९ वर्षांनी लीग जिंकून दिली, परत एकदा दिली. खरं तो मागे तीन सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, लावतो. मग दोन्ही कडांना एकेकच माणूस राहतो, आणि त्याला आपल्या गोलपासून त्यांच्या गोलपर्यंत दिवसभर पळावं लागतं. युनायटेडचा डावीकडचा शॉ जखमी आहे, मलासियाही जखमी आहे. उजव्या पायाचा दालो तिकडं खेळालाय. मला एवढंच सांगा, डाव्या बाजूला कोण?"

गल्लीत कुणी काही बोललं नाही. चार दिवसांत साऱ्यांनी मिळून जे बोललं होतं, त्यात हा प्रश्न एकदाही आला नव्हता. मॅनेजर कोण हे सगळे विचारत होते, पण हा संघ कुणाच्या पद्धतीसाठी विकत घेतलाय हे कुणी विचारलं नव्हतं. मला तरी त्या चार दिवसांतलं हेच सर्वांत मोलाचं वाक्य वाटतं, आणि ते बोलणाऱ्या माणसाने आयुष्यात एकही खेळाडू विकत घेतलेला नाही.

(दृश्य: पूर्ण झालेला राजहंसगड. पणत्या. उगवलेली मोहरी.)

१ नोव्हेंबर. इथल्या मराठी माणसाला ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. १९५६ मध्ये याच दिवशी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून तो काळा दिन आहे. सकाळी काळे कपडे घालून फेरीत चाललेली माणसं घरी आली होती. त्या वर्षी लक्ष्मीपूजनही त्याच दिवशी आलं. आणि त्याच दिवशी युनायटेडने रुबेन अमोरिम यांचं नाव जाहीर केलं. स्पोर्टिंगला सुमारे १ कोटी १० लाख युरो मोजून. रुडच्या बाजूचे हिरमुसले. त्याने चार सामन्यांत तीन जिंकले, एक बरोबरीत सोडवला, आणि क्लब सोडून गेला.

पुढचं थोडक्यात. तो हंगाम युनायटेडने पंधराव्या नंबरवर संपवला. १९७४ मध्ये खालच्या डिव्हिजनमध्ये उतरल्यापासून एवढं खाली ते कधी गेले नव्हते. बिल्बाओत युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून १-० ने हरले. डाव्या बाजूसाठी फेब्रुवारीत इटलीच्या लेच्चेकडून वीस वर्षांचा पॅट्रिक डोर्गू आणावा लागला. म्हणजे सरांचा प्रश्न क्लबलाही पडला होता, फक्त तीन महिने उशिरा. आणि रुड? तो लेस्टरचा मॅनेजर झाला आणि लेस्टर प्रीमियर लीगमधून खाली गेलं. ट्रान्सपोर्टवाल्याने हे मोकळेपणाने मान्य केलं. तरी मिरांडाचं उदाहरण सोडायला तो आजही तयार नाही, आणि त्याने सोडू नये असंच मला वाटतं.

जानेवारी २०२६. अमोरिमही गेले. संक्रांत तोंडावर, गल्लीत तिळगुळाचा वास, आणि कट्ट्यावर तोच प्रश्न. झिदानवाला अजून झिदानवर आहे. आजोबांचं एक बोट अजून १९८६ वर आहे.

(दृश्य: लेले मैदान. सकाळचं कोवळं ऊन. शिट्टीचा आवाज.)

सर आम्हाला मैदानावरच भेटले. अमोरिम यांच्या जागी कोण, हे विचारायला आम्ही गेलो होतो. त्या दिवशी अकरा पोरं आली होती. एकाच्या पायात बूट नव्हते, एक उशिरा येऊन घाईने नाडी बांधत होता. सरांनी हात वर करून आम्हाला थांबायला सांगितलं, शिट्टी तोंडातून काढली आणि पोरांकडे वळले.

"डाव्या पायानं कोण मारतंय रे?"

मागच्या ओळीतल्या, सगळ्यांत बुटक्या पोराने हात वर केला.