कपाटातली फाईल आणि तीस दिवस

[दृश्य: जुलै महिन्यातली सकाळ. कौलारू पंचायत कार्यालय. पागोळ्यांखाली छत्री मिटणारी एक बाई.]

पेडण्यापासून काणकोणापर्यंत गोव्याच्या बारा तालुक्यांत १९१ ग्रामपंचायती आहेत. त्यांच्या जोडीला १३ नगरपालिका आणि पणजीची महानगरपालिका आहे. यांपैकी कुठल्याही कार्यालयाचे आवक रजिस्टर उघडले, तर घरपट्टी, घर क्रमांक आणि ना हरकत दाखल्यांच्या नोंदींमध्ये माहिती हक्क कायद्याखालील अर्जाची नोंद सापडते. त्या अर्जावर शिक्का पडल्यानंतर त्याचे पुढे काय होते, याचा माग या लघुपटात घेतला आहे.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक उदाहरण धरून चालू. एका वाड्यावरच्या सार्वजनिक विहिरीला लागून तीन मजली इमारतीचे काम सुरू झाले आहे आणि त्या विहिरीचे पाणी भरणाऱ्या एका बाईला हे बांधकाम कुणाच्या परवानगीने चालले आहे, ते पाहायचे आहे. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ याच्या कलम ६६ प्रमाणे पंचायत क्षेत्रात बांधकामाला पंचायतीचा परवाना लागतो. त्यामुळे त्या बाईला हव्या असलेल्या गोष्टी तिच्याच पंचायतीच्या फाईलमध्ये असायला हव्यात: परवान्याचा अर्ज, नकाशा, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, सनद (जमीन बिगरशेती वापरासाठी रूपांतरित केल्याचा दाखला), नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला आणि पंचायत मंडळाच्या पाक्षिक बैठकीतला ठराव.

[दृश्य: अर्जाचा कागद. दहा रुपयांची पावती फाडली जाते.]

माहिती हक्क कायद्याने घातलेली वाट सरळ आहे. अर्जाची फी १० रुपये आणि प्रतीच्या एका पानाला २ रुपये, एवढाच खर्च येतो. माहिती कशासाठी हवी, हे विचारण्याचा अधिकार कलम ६ ने कार्यालयाला दिलेला नाही. अर्जदाराशी संपर्क साधण्यापुरता पत्ता पुरेसा आहे. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे तोंडी मागणे लेखी करून देण्यास जन माहिती अधिकाऱ्याने मदत करायची आहे. पंचायतीत हा जन माहिती अधिकारी म्हणजे पंचायतीचा सचिव असतो. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत त्याने माहिती द्यायची किंवा कुठल्या कलमाखाली नाकारली ते कारणासह कळवायचे, आणि मुदत उलटून गेली तर माहिती विनामूल्य द्यायची, असे कलम ७ सांगते.

भाषेचा मुद्दा आमच्या प्रेक्षकांच्या जिव्हाळ्याचा आहे. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करता येतो. गोव्याची राजभाषा देवनागरीतली कोकणी आहे, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीलाही सरकारी कामकाजात वापराचे स्थान दिले आहे. असे असूनही अनेक माणसे माहितीचा अर्ज इंग्रजीतच करावा लागतो असे समजून दुसऱ्याच्या दारी जातात, आणि त्या दुसऱ्याने लिहिलेल्या अर्जात त्यांचा मूळ प्रश्नच हरवतो. आपल्या भाषेत, आपल्याला हव्या असलेल्या कागदाचे नाव घेऊन लिहिलेला चार ओळींचा अर्ज त्याहून कितीतरी कामाचा असतो.

कागदाचे नाव घेऊन, यावर भर देण्यामागे एक निकाल आहे, आणि तो गोव्यातलाच आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो विरुद्ध गोवा राज्य माहिती आयोग या प्रकरणात असे स्पष्ट केले, की कायद्यातल्या माहिती या शब्दात एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही, याचे समर्थन येत नाही. आज देशभरातले माहिती अधिकारी या निकालाचा आधार घेतात. म्हणून विहिरीजवळच्या बांधकामाला परवानगी का दिली, असे विचारले तर सचिवाला उत्तर टाळण्याची वाट आयतीच मिळते. त्याऐवजी परवान्याची प्रत, ज्या बैठकीत तो मंजूर झाला तिचे इतिवृत्त आणि जागेच्या पाहणीचा अहवाल, असे मागितले तर ती वाट बंद होते. त्या कागदांत कारण लिहिलेले असेल, तर ते अर्जदाराला वाचायला मिळते. लिहिलेलेच नसेल, तर कारण न नोंदवता परवाना दिला गेला, हेही त्याच कागदांवरून दाखवता येते.

[दृश्य: आतली खोली. तीन पोलादी कपाटे. कापडात बांधलेले गठ्ठे.]

आता या खोलीपाशी थोडे थांबू, कारण अर्जाचे भवितव्य बहुतेक वेळा इथे ठरते. मराठीत अशा कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात आणि सगळ्या रुमालांना मिळून दप्तर म्हणतात. गोव्यात पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर हवा ओली राहते, कागदाला बुरशी येते आणि भिंतीतून वाळवी चढते. फाईलच्या पाठीवर क्रमांक असतो, पण तो क्रमांक कुठल्या यादीत लिहिलेला आहे आणि ती यादी कुणाकडे आहे, हे पुष्कळदा कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या एकाच कारकुनाला ठाऊक असते. तो रजेवर गेला की अर्ज थांबतो. सचिवाची बदली झाली आणि त्याने पुढच्या सचिवाला फाईलींची यादी करून सह्या घेऊन ताबा दिला नाही, तर फाईल कपाटात असूनही कार्यालयाच्या दृष्टीने नाहीशी होते. त्यातच एका सचिवाकडे दुसऱ्या पंचायतीचा अतिरिक्त ताबा असेल, तर आठवड्यातले काही दिवस तो इथे आणि काही दिवस तिथे असतो.

मग तीस दिवसांच्या शेवटी जे पत्र येते, त्यात एक वाक्य असते: सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही. या वाक्याबद्दल आम्हाला तीव्रतेने बोलावेसे वाटते. कायद्याच्या कलम ८ आणि ९ मध्ये माहिती नाकारण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत फाईल सापडत नाही हे कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केंद्र सरकार विरुद्ध विश्वास भांबुरकर या प्रकरणात असे म्हटले, की जी माहिती एकेकाळी कार्यालयाकडे होती ती शोधण्याचा कसून प्रयत्न झाला पाहिजे, आणि ती सापडत नसेल तर चौकशी करून जबाबदारी निश्चित झाली पाहिजे. बांधकाम परवान्याची फाईल हरवणे म्हणजे एका माणसाचा अर्ज निकामी होणे एवढेच नसते. ती इमारत पुढे वादात सापडली, तर पंचायतीला स्वतःच्याच निर्णयाचा पुरावा न्यायालयात देता येत नाही.

कायद्याचे कलम ४ आहे ते यासाठीच. त्याचा पहिलाच भाग सांगतो की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सर्व अभिलेख सूचीबद्ध करून, अनुक्रम लावून ठेवावेत. पुढचा भाग सांगतो की कार्यालयाची कामे, अधिकार, अंदाजपत्रक, दिलेल्या परवान्यांचा तपशील आणि माहिती अधिकाऱ्यांची नावे कुणी न मागता प्रसिद्ध करावीत. आमच्या मते साऱ्या कायद्यात सर्वांत कमी पाळले गेलेले हे कलम आहे, आणि सर्वांत अधिक गरज असलेलेही हेच. बांधकाम परवान्यांची यादी दर महिन्याला फलकावर लागली, तर आपल्या उदाहरणातल्या बाईच्या अर्जातले निम्मे प्रश्न तिथेच सुटतील आणि सचिवाचाही वेळ वाचेल.

कागद सांभाळण्याची रीत या भूमीला नवी नाही. तिसवाडीतल्या गावकऱ्यांच्या प्रथा १५२६ मध्ये अफोंसो मेशियाच्या सनदेत लिहून काढल्या गेल्या, त्या पोर्तुगीज सत्तेने. पण त्या प्रथा आधीपासून गावांच्या होत्या. कोमुनिदादींच्या, म्हणजे गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांच्या, जुन्या कागदपत्रांत मोडी लिपीतली बाडेही आहेत. पणजीच्या पुराभिलेखागाराचा वारसा १५९५ पर्यंत मागे जातो. स्वतंत्र भारतात माहितीच्या हक्काचा कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांत गोवा होता. तो कायदा १९९७ चा, म्हणजे १२ ऑक्टोबर २००५ रोजी केंद्राचा कायदा पूर्णपणे लागू झाला त्याच्या आठ वर्षे आधीचा. इतकी पूर्वपीठिका असलेल्या राज्यात गेल्या दहा वर्षांतली फाईल सापडू नये, याचे दुःख वाटते.

[दृश्य: टेबलावर उघडलेली फाईल. अर्जदार वहीत टिपणे घेते.]

प्रत मागण्याऐवजी फाईल पाहण्याचा हक्क कमी लोक वापरतात. कलम २ मधल्या व्याख्येत अभिलेखांची पाहणी, टिपणे घेणे आणि प्रमाणित नमुने घेणे हे सगळे येते. फाईल समोर ठेवून पाहिली की ठरावाच्या तारखेत आणि तांत्रिक मंजुरीच्या तारखेत काय अंतर आहे, टिपणी पानावर कुणी काय शेरा मारला आहे, पानांवर क्रमांक घातले आहेत की नाहीत, हे स्वतःला दिसते, आणि मग नेमक्या पाच पानांची प्रत मागता येते. सचिवालाही शंभर पानांच्या झेरॉक्स काढत बसावे लागत नाही.

फाईलचा काही भाग दुसऱ्याच खात्यात असणे, हे गोव्यात नेहमीचे आहे. सनद जिल्हाधिकारी कार्यालयातून येते, तांत्रिक मंजुरी नगरनियोजन खात्यातून येते. अशा वेळी अर्ज परत न पाठवता तो किंवा त्याचा तेवढा भाग पाच दिवसांच्या आत संबंधित कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो. नगरपालिकांत हाच प्रश्न एका छपराखाली उभा राहतो. तांत्रिक विभाग, कर विभाग आणि आस्थापना यांच्यात अर्ज फिरत राहतो, आणि माहिती अधिकारी सांगतो की तांत्रिक विभागाने फाईल दिली नाही. कलम ५ प्रमाणे ज्या कर्मचाऱ्याची मदत मागितली, त्याने ती द्यायची असते आणि कायदा मोडल्यास त्यालाही माहिती अधिकाऱ्याइतकेच जबाबदार धरले जाते.

तीस दिवस उलटले किंवा उत्तर अपुरे आले, तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करता येते. पंचायतीच्या बाबतीत ते गटविकास अधिकाऱ्यांपुढे चालते. त्यांनी तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्यांना माहिती देण्याचा आदेश काढता येतो. दंड करण्याचा अधिकार त्यांना नाही, आणि हे सचिवांनाही ठाऊक असते. दंडाचा अधिकार पणजीतल्या राज्य माहिती आयोगाला आहे, जिथे द्वितीय अपील नव्वद दिवसांत दाखल करायचे असते. दंड दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये. माहिती नाकारणे योग्य होते, हे सिद्ध करण्याचा भार अपिलात माहिती अधिकाऱ्यावर असतो. मात्र द्वितीय अपील किती दिवसांत निकाली काढावे, याची मुदत कायद्याने घातलेली नाही. तोपर्यंत विहिरीजवळच्या इमारतीचा स्लॅब घालून झालेला असतो.

गेल्या काही वर्षांत आणखी एक अडसर आला. वैयक्तिक माहितीच्या अपवादात पूर्वी तोल होता. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगी आयुष्यात विनाकारण डोकावणारी माहितीच नाकारता येत असे, आणि व्यापक लोकहित असेल तर तीही देता येत असे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती तरतूद आखूड करून वैयक्तिक माहिती एवढ्याच शब्दांवर आणली. परवानाधारकाचे नाव वैयक्तिक आहे, म्हणून परवानाच देता येत नाही, अशी उत्तरे यातून देणे सोपे होते. लोकहित हे नुकसानीहून मोठे असेल तर अपवादातलीही माहिती देता येते, असे सांगणारे कलम ८ चे दुसरे पोटकलम मात्र अजून कायद्यात आहे, आणि अशा उत्तराविरुद्धच्या अपिलात त्याचा उल्लेख आवर्जून करायला हवा.

सचिवांची बाजूही खरी आहे. घरपट्टी, दाखले, ग्रामसभेचे इतिवृत्त, सरकारी योजना आणि बैठका सांभाळून हाच माणूस माहिती अधिकारी असतो. शेजाऱ्याशी असलेल्या भांडणातून एकामागून एक अर्ज करणारेही असतात. पण त्यावर हेतू तपासण्याचा उपाय कायद्याने मुद्दाम ठेवलेला नाही, आणि तो नसणे योग्य आहे. नीट लावलेले दप्तर असेल, तर भांडणातून आलेला अर्जही पंधरा मिनिटांत निकाली निघतो.

[दृश्य: बदलीचा दिवस. टेबलावर फाईलींचे गठ्ठे. जाणारा आणि येणारा, दोघे सचिव समोरासमोर.]

म्हणून शेवटचे दृश्य ताब्याच्या यादीचे घेतले आहे. जाणारा सचिव फाईल क्रमांक वाचतो, येणारा पाने मोजून यादीत आकडा लिहितो. बांधकाम परवाना, विहिरीजवळचा भूखंड, चौऱ्याऐंशी पाने. दोघांच्या सह्या होतात आणि यादीची एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवण्यासाठी जावक रजिस्टरमध्ये नोंदली जाते.