दगडाचा फोटो नको, कस दाखवा!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तेच. "सर, शेतात चमकणारा दगड सापडलाय, सोनं आहे का?" सोबत फोटो, तोही रात्री फ्लॅश मारून काढलेला. फ्लॅशमध्ये अहो, डांबरगोळीही चमकते!

कुठल्या खनिजातून कुठला धातू, हे शाळेतलं झटपट उरकतो. हेमटाइट, मॅग्नेटाइट म्हणजे लोह. चाल्कोपायराइट तांबं, गॅलेना शिसं, स्फॅलेराइट जस्त, पायरोल्युसाइट मँगनीज, क्रोमाइट क्रोमियम. झालं. ॲल्युमिनियमच्या बॉक्साइटकडे शेवटी येतो.

खरा घोळ ओळखण्यात आहे. (दोन दगड कॅमेऱ्यासमोर) दोन्ही करडे-काळे, दोन्ही जड, दोन्ही लोहाचे. नुसत्या फोटोवरून मलाही सांगता येणार नाही. आता चिनी मातीचा कप उलटा करा. बुडाशी पांढरी, खरखरीत कड असते ना, जिला चकाकी नसते? तिथं घासायचं. हा पहिला... बघा, विटकरी लाल! हेमटाइट. हा दुसरा... काळी रेघ. मॅग्नेटाइट, याला लोहचुंबकही चिकटतं. ही रेघ म्हणजे कस. सोनार कसोटीवर घासतो, तीच युक्ती.

तर वरचा रंग विसरा. परत सांगतो, विसरा! पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज, पिवळाधमक दिसतो, कस हिरवट काळा. सोन्याचा कस पिवळाच. "पण चाल्कोपायराइटचाही कस हिरवट काळाच ना?" असं एका ताईंनी विचारलंय. अगदी बरोबर, तिथं कस पुरत नाही. चाकूचं टोक ओढा: चाल्कोपायराइटवर ओरखडा उठतो, पायराइटवर नाही.

आणि हो, पायराइटमध्ये वजनाच्या 46 टक्क्यांहून जास्त लोह असतं. तरी लोखंडासाठी त्याला सहसा कोणी विचारत नाही, कारण उरलेलं सगळं गंधक, आणि गंधक पोलादाला ठिसूळ करतं. धातू आहे म्हणून प्रत्येक दगडासाठी खाण निघत नाही, दादा.

आता एक कॉमेंट वाचतो. "घासलं, पांढरी रेघ आली. चांदी आहे का?" नाही हो! पांढरी रेघ दिसली की आधी बोट फिरवा. पावडर पुसली गेली आणि खाली चरा दिसला, तर ती पावडर तुमच्या कपाची! दगड कपापेक्षा कठीण निघाला, बहुधा गारगोटी.

टाइलची मागची बाजू चालते का? पांढरी असेल तर चालते. आपल्याकडे भिंतीच्या बऱ्याच टाइल मागून लालसर असतात. लालवर लाल कस शोधणार कसा? आमच्या घरी पाहुण्यांच्या कपांना खालून लाल-काळे पट्टे पडलेत, आईनं ते कपाटच कुलूपबंद केलंय.

आणि घासायची ती ताजी फोडलेली बाजू. वरचा गंजका पापुद्रा घासलात तर पिवळट तपकिरीच येणार, आतला लोहदगड कोकणातल्या रेडीचा असो की गडचिरोलीतल्या सुरजागडचा. भंडाऱ्याकडच्या डोंगरी बुजुर्गचं पायरोल्युसाइट मात्र घासायच्या आधीच बोटं काळी करतं. गॅलेना हाताळलात तर हात धुवा, शिसं आहे ते.

पुणे-नाशिकवाल्यांनो, तुमच्याकडे बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ. त्याच्या पोकळीत चमकतं ते बहुतेक वेळा झिओलाइट, कॅल्साइट नाहीतर गारगोटी. धातू नाही. नाराज होऊ नका, झिओलाइटचे नमुने जगभरचे संग्राहक जपून ठेवतात.

राहिलं बॉक्साइट. कोल्हापूरकरांचे यावर फार प्रश्न येतात. इथं कप कामाचा नाही. बॉक्साइट म्हणजे एकच खनिज नव्हे, गिब्साइट, बोहेमाइट अशांची मिसळ, वर लोहाचा लाल रंग. त्यामुळे शेजारचा जांभा आणि बॉक्साइट दोन्ही लालसर रेघ देऊ शकतात. वाटाण्याएवढे गोळे दिसले तर बॉक्साइट असल्याचा संशय घ्यायला जागा आहे, एवढंच. ॲल्युमिनियम किती, हे प्रयोगशाळेतच कळतं. बाकीच्या दगडांचे फोटो पाठवा, पण शेजारी कपाची रेघ दिसली पाहिजे, आणि दिवसाच्या उजेडात!