सोळाव्या वर्षाचं घड्याळ

विषय ‘मेंदू, भाषा आणि वयात येणारी मुलं’ असा दिलाय. तिन्हीवर बोलतो, पण आधी झोपेबद्दल. ते फार दिवस मनात साठलंय.

आमची थोरली दहावीला होती. शाळा सातची. सव्वासहाला रिक्षामामा गल्लीच्या तोंडाला हॉर्न द्यायचे. आई वेणी घालत असायची आणि ही बसल्या जागी झोपलेली, पोह्यांचा घास गालात तसाच. आजोबा म्हणायचे, “आम्ही पहाटे पाचला तालमीत माती उकरायचो!” एकदा चार मिनिटं उशीर झाला. पोर पहिला तास मैदानात उभी. डायरीत लाल शाईनं शेरा : ‘पाल्य आळशी आहे.’ खाली पालकाची सही मागितली होती. मी केली. ती सही मला आजही टोचते.

कारण ती आळशी नव्हती. अंधार पडला की मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन पाझरतं, शरीराला रात्र झाल्याचं कळतं. वयात येताना हे पाझरणंच उशिरा सुरू होतं. झोपेच्या अभ्यासक मेरी कार्स्केडन यांनी हे 1990 च्या दशकात दाखवून दिलं. म्हणजे अकराच्या आधी डोळा लागत नाही, आणि गरज आठ ते दहा तासांची. पावणेसहाला उठवलं तर हिशेब तुम्हीच करा. मोबाईल काढून घ्या म्हणाल, तर जरूर घ्या. उजेडानं झोपेचं घड्याळ आणखी उशिरावर जातं. आजोबांना मी विचारलं, तुम्ही झोपायचा कधी? म्हणाले, “आठला कंदील मालवायचा.” पण मोबाईल काढला तरी वयाचं घड्याळ उरतंच.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 मध्येच सांगितलं, या वयाची शाळा साडेआठच्या आधी नको. आपल्या सरकारनं 2024 मध्ये नऊची वेळ ठरवली, पण चौथीपर्यंतच. लहानगी तर कोंबड्याबरोबर आपणहून उठतात! ज्यांना गरज, ती हायस्कूलची पोरं सातलाच राहिली.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

डावा डोळा मिटा. हात लांब करून दोन्ही अंगठे जोडून उभे धरा. नजर डाव्या अंगठ्यावरच ठेवून उजवा हळूहळू बाजूला न्या. वीतभर जायच्या आत त्याचं टोक गायब होतं. तिथं डोळ्याला दिसतच नाही, आणि एरवी ती जागा मेंदू स्वतः भरून काढतो. म्हणजे आपल्याला काय जाणवावं हे मेंदू ठरवतो, आणि भाषेतही तसंच. वर्कर आणि टीस या संशोधकांनी 1984 मध्ये पाहिलं : इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना आपला ‘त’ आणि ‘ट’ वेगळा ऐकू येतो, वर्षाची होईतो तो फरक ऐकू येईनासा होतो. न लागणारं मेंदू छाटतो. हीच छाटणी वयात येताना पुन्हा होते, आणि कपाळामागचा, ब्रेक लावणारा भाग पंचविशीपर्यंत पिकत राहतो. 2005 च्या एका प्रयोगात गाडी चालवायचा खेळ दिला : मित्र बघत असले की किशोरांनी जास्त धोका पत्करला, मोठ्यांना फरक पडला नाही. पन्हाळ्याच्या घाटात गाडीवर मागं दोघं बसलेले असतात, तेव्हा पुढच्याचं हेच होतं. त्यात झोप अपुरी असेल तर तो अर्धा ब्रेकही लागत नाही.

इथं मुख्याध्यापक बसलेत, शाळासमितीचे लोक बसलेत. मी दीड तास मागतोय : शाळा सातऐवजी साडेआठला भरवा.

ती डायरी कपाटात आहे. थोरली आता 25 वर्षांची झाली. सहाला कुणी हाक न मारता उठते आणि रंकाळ्यावर फिरायला जाते.