दोन भांडी आणि एक रेघ

[दृश्य: टेबलावर काचेची दोन सारखी भांडी. कॅमेरा स्थिर.]

दोन्ही भांड्यांत पाणी तेवढंच आहे. डावीकडे बर्फाचे सहा खडे पाण्यावर तरंगतायत. उजवीकडे मधोमध एक दगड ठेवलाय आणि तसेच सहा खडे त्या दगडावर आहेत, पाण्याच्या बाहेर. दोन्ही काचांवर पाणी जिथवर आहे तिथे मार्करने रेघ ओढली आहे. बर्फ वितळायला वेळ लागेल. कॅमेरा चालू राहू दे, तोवर आपण बोलू.

जगातला बर्फ वितळतोय हे आता कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. अडतं ते पुढच्या प्रश्नावर: ‘बरं, मग?’

[दृश्य: ग्रीनलँडचा हिमस्तर, विमानातून.]

हा ग्रीनलँड. इथून दरवर्षी सरासरी २७० अब्ज टन बर्फ कमी होतोय. हे वजन २००२ पासून उपग्रहांच्या जोड्या करत आल्या आहेत. दोन उपग्रह एकामागोमाग फिरतात. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा आधी ओढला जातो आणि दोघांमधलं अंतर किंचित बदलतं. त्या अंतरावरून खालच्या बर्फाचं वजन काढतात. इतका देखणा तराजू माणसाने क्वचितच बनवला असेल.

पण २७० अब्ज टन ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं? बहुतेकांच्या काहीच येत नाही. हाच बर्फ पाणी करून जगातल्या सगळ्या समुद्रांवर पसरला, तर पाणी चढतं पाऊण मिलिमीटर. म्हणजे एका मापात हा आकडा कल्पनेत मावत नाही आणि दुसऱ्या मापात हसण्यावारी नेता येतो. आकडा खोटा नाही, दोन्हीकडे खरा आहे. लोकांपर्यंत मात्र तो कुठूनच पोचत नाही.

जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखायची म्हणतात, त्या दीड अंशाचंही तसंच. ‘दीड अंशाने काय होतंय?’ हा प्रश्न विचारणारा मूर्ख नसतो, त्याने दुपार आणि पहाट यांतला पंधरा अंशांचा फरक रोज सोसलेला असतो. त्याला एवढंच सांगावं: सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा, जगाचं सरासरी तापमान आजच्यापेक्षा फक्त पाच-सहा अंशांनी कमी होतं. आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. अख्ख्या जगाच्या सरासरीतला एक अंश हे दुपार-पहाटेच्या अंशाचं चलनच नव्हे.

[दृश्य: भांडी. खडे गोलसर झालेत.]

डावीकडच्या पाण्यात एक थर्मामीटर सोडलाय. पाणी ढवळलं की पारा शून्याच्या आसपास येऊन थांबतो. खोलीतली उष्णता आत येतेच आहे, पण ती बर्फ वितळवण्यात खर्च होते. शून्य अंशावरच्या बर्फाचं शून्य अंशावरचं पाणी व्हायला जितकी उष्णता लागते, तितक्यात तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापलं असतं. बर्फ आहे तोवर पारा शांत. नुसता पारा बघणाऱ्याला वाटेल, इथे काहीच घडत नाही.

[दृश्य: पडदा क्षणभर कोरा.]

इथे खरं तर एका बुडालेल्या शहराचं दृश्य येणार होतं. संगणकावर केलेलं, उंच इमारती, गच्चीपर्यंत पाणी. आम्ही तयार करून घेतलं होतं, दिसायलाही झकास होतं. संकलनात काढून टाकलं. ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सात मीटर चढेल हे खरं आहे, पण त्याला अनेक शतकं, कदाचित हजारो वर्षं लागतील. त्या दृश्यावर तारीख नव्हती. तारीख नसलेली भीती दोनच गोष्टी करते: माणूस हात टेकतो, नाहीतर चॅनेल बदलतो.

घाईने सांगितलेल्या गोष्टी कशा अंगाशी येतात, हे एका अस्वलाने दाखवून दिलंय. डिसेंबर २०१७ मध्ये एक चित्रफीत जगभर फिरली. कॅनडाच्या आर्क्टिक भागातलं, हाडं वर आलेलं, पाय ओढत चाललेलं पांढरं अस्वल. नॅशनल जिओग्राफिकने खाली मजकूर दिला की हवामानबदल असा दिसतो. पुढच्याच वर्षी त्यांना लिहावं लागलं की आपण फार पुढे गेलो. त्या एका अस्वलाची ती दशा नेमकी कशाने झाली हे सांगता येणार नव्हतं. आजारी असेल, जखमी असेल. समुद्रावरचा बर्फ आटतोय आणि या अस्वलांची शिकार त्या बर्फावरच चालते, यात शंका नाही. पण खऱ्या खटल्यात कच्चा साक्षीदार उभा केला, की उलटतपासणीत सगळंच ढिलं पडतं.

त्याआधीचा धडा याहून महाग होता. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २००७ च्या अहवालात एक वाक्य शिरलं, की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे. आधार तकलादू होता. जानेवारी २०१० मध्ये समितीने चूक कबूल केली. जवळपास हजार पानांच्या खंडातलं ते एक वाक्य, पण ज्यांना बाकीची पानं वाचायचीच नव्हती त्यांची सोय झाली. पुढे २०१९ मध्ये नीट तपासलेला अंदाज आला: तापमानवाढ दीड अंशावर थोपवली तरी हिंदुकुश-हिमालयातला सुमारे एक तृतीयांश बर्फ शतकाअखेर गेलेला असेल. हे वाक्य मथळ्याला तितकंसं चटकदार नाही. झोप उडवायला पुरेसं आहे.

[दृश्य: भांडी. डावीकडचा बर्फ जवळजवळ संपलाय. पाणी रेघेवरच.]

आता हे बघा. डावीकडचे खडे वितळले, पाणी हललं नाही. तरंगणारा बर्फ जेवढं पाणी आधीच बाजूला सारतो, तेवढंच वितळून देतो. (समुद्र खारा आणि बर्फ गोडा असला तर किंचित फरक पडतो, पण अगदी किंचित.) हा प्रयोग दाखवला की कुणीतरी विचारतंच: मग तरंगणाऱ्या बर्फाची काळजी कशाला?

कारण तो आरसा आहे. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उन्हातलं बरंचसं परत पाठवतो, त्याखालचं काळं पाणी बहुतेक सगळं पिऊन टाकतं. आणि काही ठिकाणी तो बूच आहे. अंटार्क्टिकात २००२ च्या सुरुवातीला लार्सन बी नावाचा हिममंच, म्हणजे हिमनद्यांचं समुद्रावर तरंगणारं जाड टोक, सुमारे ३५ दिवसांत फुटला. ३,२५० चौरस किलोमीटर. त्या फुटण्याने समुद्र चढला नाही. पण त्याने अडवून धरलेल्या मागच्या हिमनद्या मोकळ्या झाल्या आणि कितीतरी वेगाने समुद्राकडे सरकू लागल्या. उजवीकडचा दगड म्हणजे जमीन, तिच्यावरचा बर्फ वितळला की समुद्र चढतो. म्हणजे डावीकडच्या भांड्याने उजवीकडचा दगड तिरका केला.

[दृश्य: आइसलँड. उघडा, करडा डोंगरमाथा.]

आइसलँडमध्ये ओक्योकुल नावाची हिमनदी होती. तिथल्या भाषेत योकुल म्हणजे हिमनदी. बर्फ इतका पातळ झाला की स्वतःच्या वजनाने सरकेनासा झाला, आणि न सरकणाऱ्या बर्फाला हिमनदी म्हणत नाहीत. २०१४ मध्ये तिला हिमनद्यांतून वगळलं. नावातला योकुल गेला, ओक तेवढा उरला. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या खडकावर धातूची पाटी बसवली. मजकूर पुढच्या पिढीला उद्देशून आहे: काय चाललंय ते आम्हाला ठाऊक आहे, काय करायला हवं तेही, आम्ही ते केलं का, हे तुम्हालाच कळेल. पाटीवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडाही आहे, दर दहा लाख भागांत ४१५. कित्येक अहवालांना जे साधलं नाही ते या ओंजळभर शब्दांनी साधलं असं माझं मत आहे. नातेवाईक गेल्यावर नाव कसं लिहायचं, हे सगळ्यांनाच कळतं.

[दृश्य: स्वित्झर्लंड. दरीत मातीचा आणि बर्फाचा प्रचंड ढिगारा.]

आणि हे ब्लाटन. मे २०२५. वरच्या डोंगराचे कडे ढासळून हिमनदीवर पडत होते. हालचाल मोजणाऱ्यांनी धोका सांगितला, १९ मे रोजी सुमारे ३०० माणसांचं अख्खं गाव रिकामं केलं, गुरंसुद्धा हलवली. २८ मे रोजी हिमनदी कोसळली आणि बहुतेक गाव गाडलं गेलं. दरीतला एक माणूस गेला. उष्णतेने गोठलेल्या कड्यांची पकड सुटते हे माहीत आहे, तरी या एका घटनेवर तापमानवाढीचा शिक्का मारताना संशोधक जपून बोलले. अस्वलाचा किस्सा आठवत असावा. गावकऱ्यांना मात्र त्या दिवशी कुणी अब्ज टन सांगितले नाहीत. आज निघा, एवढंच सांगितलं, आणि ते निघाले. कारण सांगणारे रोज डोंगर मोजणारे होते आणि डोंगर दारातून दिसत होता.

समुद्र असा दारातून दिसत नाही. १९९३ मध्ये उपग्रह मोजायला लागले तेव्हा तो वर्षाला सुमारे दोन मिलिमीटर चढत होता, आता चारहून जास्त. तोही सगळीकडे सारखा नाही. ग्रीनलँडचं प्रचंड वस्तुमान आसपासचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतं. बर्फ गेला की ती ओढ कमी होते, जवळचं पाणी उतरतं आणि दूरच्या किनाऱ्यांवर चढतं. बर्फ एकाच्या अंगणात वितळतो, पाणी दुसऱ्याच्या.

[दृश्य: भांडी. कॅमेरा हळूहळू उजव्या भांड्याजवळ जातो.]

सहा तास झालेत. डावीकडचं पाणी रेघेवर. उजवीकडे दगड ओला, रिकामा. पाणी बोटभर वर आलंय. मार्करची रेघ पाण्याखाली गेली, पण काचेतून अजून दिसते.