ग्रुप थेरपीवाल्यांचंच आपसात जमेना!

नमस्कार! ग्रुप थेरपी, म्हणजे गटात बसून घ्यायचे मानसोपचार, म्हटलं की गोलात मांडलेल्या खुर्च्या डोळ्यांसमोर येतात ना? पण याची सुरुवात झाली ती क्षयरोगातून. १९०५ साली बोस्टनचे डॉक्टर जोसेफ प्रॅट क्षयाच्या गरीब पेशंटना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायचे. प्रत्येकाकडे एक वही, तीत रोजचा ताप, रोजची विश्रांती. हेतू काय, तर तेच तेच पंचवीस जणांना वेगवेगळं सांगायला नको. पण एकाचं वजन वाढलं की शेजारच्यालाही उभारी यायची!

आता न्यूयॉर्कला येऊ. १९३४. सॅम्युअल स्लावसन. हा गृहस्थ डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्टही नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं! कुठेच न मिसळणारी, अडनिडी मुलं तो एका खोलीत सोडून द्यायचा. लाकूड, हातोडी, रंग, माती, काय हवं ते करा. सोबतचा मोठा माणूस ओरडणार नाही, उपदेश करणार नाही. शेवटी सगळ्यांनी एका टेबलाशी बसून खायचं. मला विचाराल तर खरी थेरपी त्या टेबलावरच. खाण्यावर झडप घालणारं पोरगं शेजारच्यासाठी थांबायला लागलं, की समजायचं काहीतरी हललंय.

१९४२ मध्ये स्लावसननं 'अमेरिकन ग्रुप थेरपी असोसिएशन' काढली. आणि गंमत बघा, त्याच वर्षी सायकोड्रामाच्या, म्हणजे नाट्यातून उपचार करण्याच्या पद्धतीच्या, जेकब मोरेनोनंही आपली वेगळी संस्था काढली! 'ग्रुप सायकोथेरपी' हा शब्द रूढ करण्याचं श्रेय मोरेनोला जातं. दोघंही हट्टी, आणि दोघांनाही या क्षेत्राचं जनकत्व हवं. माणसांना एकत्र बसवणारे हे दोघं स्वतः मात्र एका गोलात बसले नाहीत.

तेवढ्यात महायुद्धानं काम वाढवून ठेवलं. मन खचलेले सैनिक ढिगानं, मानसोपचारतज्ज्ञ मोजके. मग गटात बसवण्यावाचून इलाज नव्हता, आणि ही पद्धत झपाट्यानं पसरली. १९५१ मध्ये स्लावसनच्या संस्थेचं जर्नल आलं, संपादक अर्थात तोच. पुढच्या वर्षी संस्थेच्या नावातल्या 'थेरपी'ची 'सायकोथेरपी' झाली.

दोन्ही संस्था आजही चालू आहेत. स्लावसनच्या संस्थेच्या वार्षिक संमेलनात नुसती भाषणं नसतात. आयुष्यभर इतरांचे गट चालवणारे थेरपिस्ट तिथे दोन दिवस स्वतः गोलातल्या खुर्चीवर बसतात, मेंबर म्हणून.